सुपर-जी, महिला (प्योंगचांग हिवाळी ऑलिंपिक, २०१८)

दक्षिण कोरियातील प्योंगचांग हिवाळी ऑलिंपिकमध्ये १७ फेब्रुवारी २०१८ रोजी जंगसॉन अल्पाइन केंद्रात झालेली महिलांची अल्पाइन स्की शर्यत. चेक प्रजासत्ताकाच्या एस्टर लेडेत्स्काने १ मिनिट २१.११ सेकंदांत उतार पार करून ती जिंकली. ऑस्ट्रियाची आना फाइट (१:२१.१२) दुसरी आणि लिख्टेनश्टाइनची टीना वायराटर (१:२१.२२) तिसरी आली. स्वित्झर्लंडच्या लारा गुटचे कांस्यपदक एका शतांश सेकंदाने हुकले (१:२१.२३). पहिल्या चौघींतील एकूण अंतर ०.१२ सेकंद एवढेच होते.

सुपर-जी म्हणजे सुपर जायंट स्लॅलम. अल्पाइन स्कीइंगमध्ये डाउनहिल आणि सुपर-जी हे वेगाचे प्रकार, तर स्लॅलम आणि जायंट स्लॅलम हे वळणांचे प्रकार मानले जातात. सुपर-जीत डाउनहिलच्या जवळ जाणारा वेग आणि जायंट स्लॅलमची आठवण करून देणारी वळणे एकत्र येतात. जागतिक चषक मालिकेत हा प्रकार १९८२-८३ च्या हंगामात आला. ऑलिंपिकमध्ये तो १९८८ साली कॅल्गरीत प्रथम खेळवला गेला आणि तिथे ऑस्ट्रियाची सिग्रिड वोल्फ महिलांमधील पहिली विजेती ठरली. स्लॅलममध्ये दोन फेऱ्यांच्या वेळा एकत्र धरतात. इथे फेरी एकच असते, त्यामुळे चूक भरून काढायला दुसरी संधी नसते. डाउनहिलच्या आधी स्पर्धकांना त्याच उतारावर सरावफेऱ्या मिळतात. सुपर-जीत त्याही नसतात. शर्यतीच्या सकाळी गेटांच्या कडेने सावकाश घसरत जाऊन उताराची पाहणी करायची, वळणे आणि उंचवटे लक्षात ठेवायचे आणि थोड्या वेळाने ताशी नव्वद-शंभर किलोमीटरच्या वेगाने तिथूनच उतरायचे, असा हा प्रकार आहे. अनुभव इथेही उपयोगी पडतो. मात्र ठरावीक उतार वर्षानुवर्षे घोटून मिळणारा फायदा डाउनहिलपेक्षा कमी असतो. नवख्या उतारावर तर तो आणखी घटतो.

जंगसॉनचा उतार तसा नवखाच होता. गारीवांग पर्वतावरील हे केंद्र ऑलिंपिकसाठीच उभारले गेले. उताराची आखणी स्वित्झर्लंडचे माजी ऑलिंपिक विजेते बर्नहार्ड रुसी यांची होती. त्यासाठी संरक्षित जंगलातील हजारो झाडे तोडावी लागली. त्यावरून कोरियात मोठा वाद झाला आणि स्पर्धेनंतरही जंगल पूर्ववत करण्याचा प्रश्न चिघळत राहिला. महिलांच्या सुपर-जीचा मार्ग सुमारे दोन किलोमीटर लांबीचा होता. ऑलिंपिकमध्ये महिलांच्या सुपर-जीसाठी ४०० ते ६०० मीटर उतरण असावी असा नियम आहे; इथली उतरण वरच्या मर्यादेजवळ जाणारी होती. वाऱ्यामुळे शर्यत तासभर उशिरा सुरू झाली.

सुरुवातीचा क्रमांक या खेळात महत्त्वाचा असतो. मानांकनातील आघाडीच्या स्पर्धकांना पहिल्या वीस क्रमांकांत जागा मिळते, कारण प्रत्येक फेरीगणिक बर्फावर चरे पडत जातात आणि मागून येणारीचे काम अवघड होते. कोरड्या थंडीत बर्फ कडक राहिला, तर ही तूट बरीच कमी होते. अमेरिकेची लिंडसी वॉन त्या दिवशी सर्वांत आधी उतरली. शेवटच्या टप्प्यात तिचे एक वळण रुंद गेले आणि ती इटलीच्या फेदेरिका ब्रिन्योनेबरोबर संयुक्त सहावी आली. विजेतीपेक्षा ती ०.३८ सेकंदांनी मागे होती. पाचवे स्थान इटलीच्याच योहाना श्नार्फला मिळाले. आघाडीच्या स्पर्धक उतरून झाल्यावर फाइट पहिल्या स्थानावर होती आणि शर्यत संपल्यातच जमा होती. अमेरिकेतील एनबीसी वाहिनीने तर तिला विजेती ठरवून प्रक्षेपण फिगर स्केटिंगकडे वळवले.

त्यानंतर २६ क्रमांकाची लेडेत्स्का उतरली. फलकावर तिच्या नावापुढे आघाडी दाखवणारा हिरवा आकडा दिसला, तरी ती काही क्षण स्तब्ध उभी होती. वेळ मोजण्यात चूक झाली असून आकडा बदलला जाईल, असे तिला वाटले होते. ताशी नव्वद किलोमीटरच्या वेगाने एका शतांश सेकंदात जेमतेम २५ सेंटिमीटर अंतर कापले जाते; फाइट आणि तिच्यात तेवढाच फरक होता. या प्रकारात असा निकाल पूर्वीही लागला होता. १९९८ साली नागानो येथे अमेरिकेच्या पिकाबो स्ट्रीटने ऑस्ट्रियाच्या मिखाएला डोर्फमायस्टरला एका शतांशानेच मागे टाकले होते.

लेडेत्स्काचा जन्म १९९५ साली प्राग येथे झाला. तिचे वडील यानेक लेडेत्स्की हे लोकप्रिय गायक, तर आईचे वडील यान क्लापाच आइस हॉकीतील ऑलिंपिक पदकविजेते. तिची ओळख होती ती स्नोबोर्डिंगमधील जगज्जेती म्हणून. अल्पाइन स्कीइंगच्या जागतिक चषकात तोवर ती एकदाही पहिल्या तिघींत आली नव्हती आणि सुपर-जीमध्ये तिची सर्वोत्तम कामगिरी एकोणिसाव्या स्थानाची होती. शर्यतीत वापरलेली स्कीची जोडी पूर्वी अमेरिकेच्या मिकेला शिफ्रिनकडे होती, ही गोष्ट नंतर फार गाजली. पत्रकार परिषदेत मेकअप केलेला नाही म्हणून तिने गॉगल काढला नाही, हा किस्साही तितकाच पसरला. अशा किश्शांमुळे हा विजय निव्वळ योगायोग म्हणून सांगितला जातो, पण ते पटण्यासारखे नाही. डिसेंबर २०१७ मध्ये लेक लुईस येथील डाउनहिलमध्ये ती सातवी आली होती. पुढे २०१९ मध्ये तिथेच तिने जागतिक चषकातील डाउनहिल जिंकली आणि डिसेंबर २०२० मध्ये व्हाल दिझेर येथे सुपर-जीही जिंकली.

फाइट ही २०१४ च्या सोची ऑलिंपिकमधील याच शर्यतीची विजेती होती. तेव्हा ती फेनिंगर या नावाने खेळत असे. २०१५ साली गुडघ्याला गंभीर दुखापत झाल्याने ती दीर्घकाळ खेळापासून दूर होती. त्या पार्श्वभूमीवर तिचे रौप्यपदक हेही एक पुनरागमनच होते. वायराटरचे कांस्यपदक हे १९८८ नंतर लिख्टेनश्टाइनला मिळालेले पहिले ऑलिंपिक पदक ठरले. तिची आई हानी वेन्झेल हिने १९८० साली लेक प्लॅसिड येथे या चिमुकल्या देशासाठी दोन सुवर्णपदके जिंकली होती.

लेडेत्स्काने पुढची डाउनहिल सोडली आणि २४ फेब्रुवारी रोजी स्नोबोर्डच्या समांतर जायंट स्लॅलममध्ये जर्मनीच्या सेलिना योर्गला हरवून दुसरे सुवर्ण मिळवले. एकाच हिवाळी ऑलिंपिकमध्ये दोन वेगळ्या खेळांत सुवर्णपदक जिंकणारी ती पहिली महिला. पुरुषांमध्ये १९२४ साली थॉर्लाइफ हाउग आणि १९२८ साली योहान ग्रोटुम्सब्रोटेन या नॉर्वेच्या खेळाडूंनी क्रॉस-कंट्री आणि नॉर्डिक कम्बाइन्ड अशी जोड साधली होती. मात्र त्या दोन्ही खेळांत क्रॉस-कंट्री स्कीइंगचे कौशल्य सामाईक असते. दोन स्कींवरून एका बोर्डावर जाणे हे त्याहून फार निराळे.

२०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये यानचिंग येथे झालेली महिलांची सुपर-जी लारा गुट-बेहरामीने (प्योंगचांगमधील लारा गुट) जिंकली. लेडेत्स्का त्या शर्यतीत पाचवी आली. स्नोबोर्डचे सुवर्ण तिने आधीच स्वतःकडे राखले होते.