कॅंटरबरीच्या काचा आणि न फेडलेला नवस

स्मरणिकेसाठी ‘इंग्लंडातलं काहीतरी ऐतिहासिक’ पाठव, असा समितीचा आदेश आहे. लंडनचे राजवाडे सगळ्यांनी पाहिलेत, म्हणून मी कॅंटरबरी कॅथीड्रलच्या रंगीत काचांबद्दल लिहितो.

पार्श्वभूमी थोडक्यात. राजा दुसरा हेन्री आणि आर्चबिशप थॉमस बेकेट हे एकेकाळचे जिवलग मित्र. गुन्हेगार धर्मगुरूंचा न्याय कोणी करायचा, राजाने की चर्चने, यावरून त्यांचं बिनसलं. २९ डिसेंबर ११७० रोजी राजाच्या चार सरदारांनी बेकेटला कॅथीड्रलमध्येच ठार केलं. ११७३ मध्ये पोपने त्याला संत ठरवलं. पुढच्याच वर्षी आगीत कॅथीड्रलचा पूर्वेकडचा भाग जळाला. तो पुन्हा बांधताना संताच्या समाधीसाठी खास जागा केली आणि तिच्याभोवती चमत्कारांच्या १२ खिडक्या बसवल्या.

समाधीभोवती संताचंच चरित्र असणार, असं आपण धरून चालतो. पण तिथल्या जुन्या काचांत गर्दी आहे ती साध्या माणसांची. आंधळे, पांगळे, तापाने फणफणलेले, आणि त्यांच्या उशाशी बसलेले घरचे लोक.

मला सर्वांत जवळची वाटते ती जॉर्डन नावाच्या सरदाराची गोष्ट. साथीत त्याच्या घरातली दाई गेली, मग दहा वर्षांचा मुलगा गेला. बेकेटचं तीर्थ तोंडात घालताच मुलगा उठून बसला. बापाने समाधीवर नाणी वाहण्याचा नवस बोलला आणि मुदत टळली तरी फेडला नाही. संताने एका अंध कुष्ठरोग्याकरवी ताकीद पाठवली, तीही वाया गेली. मग दुसरा मुलगा दगावला, तेव्हा कुठे आईबाप नाणी घेऊन निघाले. आपल्या गावाकडच्या कुठल्याही आजीला ही गोष्ट नव्याने समजावून सांगावी लागणार नाही. संत मात्र जरा कडकच म्हणायचा!

या काचांचा रंग वरून फासलेला नाही, तो काच वितळवतानाच तिच्यात मिसळलेला आहे. चेहऱ्याच्या रेषा तेवढ्या वर रंगवून भट्टीत भाजलेल्या, आणि तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडलेले.

१५३८ मध्ये आठव्या हेन्रीने समाधी उद्ध्वस्त करवली आणि बेकेटची चित्रं काढून टाकण्याचा हुकूम काढला. १६४० च्या दशकात प्युरिटन मंडळींनी बऱ्याच काचा फोडल्या. दुसऱ्या महायुद्धात जुन्या काचा आधीच उतरवून ठेवल्या होत्या, म्हणून जून १९४२ च्या बॉम्बवर्षावातून त्या वाचल्या. कॅथीड्रलचं ग्रंथालय मात्र गेलं.

मधल्या काळात दुरुस्ती करणाऱ्यांनी तुकड्यांची अदलाबदल केली आणि नव्या काचाही घातल्या. त्यामुळे वाटेवरच्या यात्रेकरूंचं एक चित्र अलीकडचं समजून अभ्यासक त्याकडे फारसं पाहत नसत. २०१८ मध्ये काच बारकाईने तपासली, तेव्हा ती ११८० च्या दशकातली निघाली. चॉसरने आपले यात्रेकरू कॅंटरबरीला धाडले, त्याच्या दोनशे वर्षं आधी कोणी घोड्यावर, कोणी पायी, अशी ही माणसं त्या काचेत चालू लागली होती.