पाठीच्या कण्याचा वाक : उपचारांचा इतिहास

पालघरहून मनोरकडे जाताना सूर्या नदीकाठी मासवण लागते. पाण्याचा हंडा डोक्यावर घेणे या भागातील मुलींना नवे नाही. त्यामुळे एखाद्या तेरा वर्षांच्या मुलीचा एक खांदा वर दिसू लागला, की घरची माणसे हंड्याला दोष देतात. शहरातील पालक दप्तराला देतात. दोन्ही समज चुकीचे आहेत. वाढीच्या वयात कणा एका बाजूस वाकतो, त्याबरोबर मणके पिळलेही जातात. या विकारास स्कोलिओसिस म्हणतात. किशोरवयातील बहुतेक रुग्णांत त्याचे नेमके कारण सापडत नाही. 10 अंशांहून अधिक वाक शंभरात दोन-तीन मुलांत आढळतो. वाढत जाणारा वाक मात्र मुलींत अधिक असतो.

कणा सरळ करण्याची खटपट फार जुनी आहे. हिपोक्रेटिसच्या काळी रुग्णाला ताणून, शिडीला बांधून कणा सरळ करू पाहत. सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये आंब्रवाज पारे याने लोखंडी पत्र्याची चोळी वापरली. 1741 मध्ये निकोला आंद्री याने 'सरळ' आणि 'मूल' या अर्थांचे ग्रीक शब्द जोडून 'ऑर्थोपेडी' हा शब्द घडवला. त्याच्या ग्रंथातील खुंटाला बांधलेले वाकडे झाड आजही अस्थिशल्यचिकित्सेचे बोधचिन्ह आहे. झाड कोवळे असतानाच आधार द्यायचा, हा त्यातील अर्थ.

पण वाक लवकर ओळखायचा कसा? इग्वानोडॉन या डायनोसॉरचा शोध लावणारे गिडियन मँटेल यांच्या मृत्यूनंतर लंडनच्या विल्यम अ‍ॅडम्स यांनी त्यांचा कणा तपासला, तेव्हा मणके पिळलेले दिसले. मणक्यांबरोबर बरगड्याही फिरतात, म्हणून माणूस पुढे वाकला की पाठीची एक बाजू उंच दिसते. 1865 मध्ये अ‍ॅडम्स यांनी मांडलेली ही तपासणी आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

पुढे अमेरिकेत लुईस सेअर रुग्णाला टांगून अंगावर प्लास्टरचे जाकीट चढवीत. 1914 मध्ये रसेल हिब्ज यांनी शस्त्रक्रियेने मणके एकमेकांना जोडले. 1946 च्या सुमारास मिलवॉकी पट्टा आला आणि 1962 मध्ये पॉल हॅरिंग्टन यांनी आपल्या धातूच्या दांडीची माहिती प्रसिद्ध केली.

आपल्याकडे कण्याच्या वाकाचे एक मोठे कारण पोलिओ होते. धडाच्या एका बाजूचे स्नायू लुळे पडले, की कणा दुसरीकडे ओढला जाई. 1947 मध्ये फातिमा इस्माइल यांनी मुंबईत अशा अपंग मुलांसाठी काम सुरू केले. त्यातूनच हाजी अली येथील मुलांचे अस्थिरुग्णालय उभे राहिले. 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला आणि हे कारण मागे पडले.

पट्ट्याचा उपयोग खरोखर होतो का, हा वाद मात्र 2013 पर्यंत चालला. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या अमेरिका व कॅनडातील अभ्यासात पट्टा वापरणाऱ्या 72 टक्के मुलांचा वाक वाढ पूर्ण होईपर्यंत 50 अंशांच्या आत राहिला. नुसत्या देखरेखीखालील मुलांत हे प्रमाण 48 टक्के होते. दिवसातून जितके अधिक तास पट्टा, तितका लाभ अधिक. मात्र वाढ थांबल्यावर पट्टा निरुपयोगी ठरतो. मग मोठ्या वाकाला शस्त्रक्रियेवाचून पर्याय उरत नाही.

शाळकरी मुलांच्या आरोग्यतपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी 2013 मध्ये पालघर येथेच सुरू झाला, ही योगायोगाची गोष्ट. त्याच्या मूळ तीस विकारांच्या यादीत स्कोलिओसिसचे स्वतंत्र नाव नव्हते. म्हणून हे काम आपण शिक्षकांनी उचलायला हवे. पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, तळहात एकमेकांना लावून मुलीला कमरेतून वाकायला सांगावे आणि शिक्षिकेने मागून पाहावे. एक बाजू उंच दिसली, तर चारचौघांत बोलू नये. पालकांना बोलावून मुलीला रुग्णालयात पाठवावे. निदान तेथे क्ष-किरण चित्रावरून होईल. आपल्याला फक्त वेळेवर पाहायचे आहे, आणि त्याला एक मिनिट पुरते.