उन्हाळ्याचे झरे आणि राजापूरची गंगा

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, दौंड तालुक्यांत, वरवंड हें गांव लागतें. हा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतला. येथें पाणी आपल्या पायांनीं येत नाहीं. तें आणावें लागतें. इंग्रजी अमदानींतला व्हिक्टोरिया तलाव आणि मुठेचा कालवा हीं त्याचींच साधनें होत. तलावाच्या पाण्याचा हिशेब ठेवतां येतो, कालव्याच्या पाण्याला पाळी लावतां येते. परंतु ज्याचा हिशेबही लागत नाहीं आणि ज्याला पाळीही ठाऊक नाहीं, अशा एका पाण्याच्या दर्शनास याच बाजूचा एक थोर पुरुष १७८९ सालीं गेला. त्या वेळीं त्याचें वय साठ होतें. तो पुरुष म्हणजे बारामतीचे कवि मोरोपंत, आणि तें पाणी म्हणजे राजापूरची गंगा.

वरवंडहून बारामती कांहीं दूर नाहीं. बाबूजी नाईकांच्या आश्रयास तेथें राहून पंतांनीं पुराण सांगितलें आणि आर्यांचे डोंगर रचले. पण त्यांचा जन्म पन्हाळगडचा, १७२९ मधला, आणि पराडकरांचें मूळ गांव राजापूर तालुक्यांतलें सौंदळ. तेव्हां ही यात्रा एका अर्थीं पूर्वजांच्या गांवाकडे होती. देशावरून राजापूरच्या बंदरास उतरणारी जुनी व्यापारी वाट अणुस्कुरा घाटाची. बंदर विजापूरकरांच्या काळापासून नामांकित. इंग्रजांची तेथें वखार होती. १६६० सालीं पन्हाळ्याच्या वेढ्यांत त्यांनीं सिद्दी जौहरास तोफांची मदत केली, आणि शिवाजी महाराजांनीं पुढच्याच वर्षीं ती वखार लुटून व रेव्हिंग्टनादि मंडळींस कैदेंत टाकून तिचें उट्टें काढलें. पंत गेले तेव्हां या गोष्टीस सव्वाशें वर्षें उलटलीं होतीं.

राजापूरपासून थोड्या अंतरावर, अर्जुना नदीच्या काठीं, उन्हाळें नांवाचें गांव आहे. नांवावरून ऋतूची आठवण व्हावी, पण मूळ शब्द ‘ऊन’ म्हणजे गरम हाच. पालीजवळचें उन्हेरें, दापोलीकडील उन्हवरें हीं त्याचींच भावंडें. कोंकणच्या लोकांनीं शास्त्राची वाट न पाहतां पाण्याचा गुण गांवाच्या नांवांत नोंदवून ठेवला. उत्तरेस वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी, मग उन्हेरें, महाडजवळचें सव, उन्हवरें, संगमेश्वराकडील आरवली, तुरळ व राजवाडी आणि दक्षिणेस हें उन्हाळें अशी ही झऱ्यांची माळ सह्याद्री व समुद्र यांच्या मधल्या पट्टींत तीनशें किलोमीटरांहून अधिक लांब पसरली आहे. पुष्कळांस वाटतें कीं, खालीं ज्वालामुखी धुमसत असावा. भूगर्भशास्त्रज्ञ तसें मानीत नाहींत. पावसाचेंच पाणी खडकांच्या भेगांतून फार खोल जातें. पृथ्वीच्या पोटांत जसजसें खालीं जावें तसतशी उष्णता वाढते. त्या उष्णतेनें तापून तें दुसऱ्या भेगेनें लगबगीनें वर येतें. तुरळ, उन्हवरें येथें तें हात भाजेल इतकें कढत असतें. उन्हाळ्याचें मात्र अंगास सोसवतें.

यात्रेकरूचा दिवस बहुधा येथूनच सुरू होतो. पहांटेच्या गारव्यांत त्या उष्ण धारेखालीं स्नान करून तो डोंगर चढूं लागतो. वर जांभ्या दगडाचा सडा आणि त्यावर बांधीव कुंडें, एकूण चौदा. वडाच्या झाडाखालीं मूळ गंगा, गोमुखाचें काशीकुंड, आणि इतरांस यमुना, सरस्वती, गोदावरी, नर्मदा, कृष्णा, कावेरी अशीं नांवें. त्यांतच एक भीमाकुंड आहे. दौंडकडचा मनुष्य ज्या भीमेच्या कांठीं वाढतो, तिचें नांव त्याला सह्याद्री ओलांडून या सड्यावर भेटतें. आणि पंढरीस तिलाच चंद्रभागा म्हणतात, म्हणून चंद्रभागेचें कुंड पुन्हा निराळें! कुंडें हाताच्या अंतरावर असूनही एकाचें पाणी दुसऱ्याहून कमीअधिक ऊन लागतें.

खालचा झरा बारमाही आहे. वरची गंगा तशी नाहीं. सुमारें तीन वर्षांनीं ती एकाएकी प्रकट होते, दोनतीन महिने राहते आणि तशीच एकाएकी जाते. मग कुंडांचे तळ उघडे पडतात. कोंकणांतल्या विहिरी आटतात त्या भर ग्रीष्मांतही ती आलेली आहे. खडकाच्या पोटांत नैसर्गिक बकनळी असावी, पोकळी विशिष्ट उंचीपर्यंत भरली कीं ती एकदम वाहूं लागत असावी, असा एक तर्क आहे. तो येण्याजाण्याचा उलगडा करतो. पण कुंडाकुंडांतील उष्णतेचा भेद त्यानें सुटत नाहीं. शिवाय गेल्या कांहीं दशकांत गंगेनें तीन वर्षांचा नेमही मोडला आहे. कधीं वर्ष पुरें होण्याच्या आंतच ती परतलेली आहे.

आख्यायिका याहून सोपी आहे. साळुंके नांवाचा एक भाविक कुणबी होता. वार्धक्यामुळें त्याला यात्रा घडेना, म्हणून गंगाच त्याच्या शेतांत आली. या कथेच्या खरेखोटेपणापेक्षां तिच्यांतील अडचण पाहण्यासारखी आहे. अठराव्या शतकांत देशांतून किंवा कोंकणांतून काशीस जाणें म्हणजे महिनोन्‌महिन्यांचा प्रवास. वाटेंत चोरांचें व रोगराईचें भय, आणि मागें शेत व गुरें कोणाच्या भरंवशावर टाकावीं ही चिंता. सरदार मंडळी लवाजम्यानिशीं जात; कुळवाड्यास तें स्वप्नच होतें. म्हणून मोरोपंतांनीं या स्थळावर रचलेल्या कवनाचें नांव विशेष वाटतें. तें आहे ‘गंगाप्रतिनिधितीर्थकीर्तन’. पंत शास्त्र जाणणारे. शब्द तोलून वापरणारे. हीच गंगा, असा दावा ते नांवांत करीत नाहींत. प्रतिनिधि म्हणतात, आणि तरी तिचें कीर्तन करतात. घरचा करता माणूस जाऊं शकत नाहीं तेव्हां त्याच्या वतीनें दुसरा जातो. येथें यजमानाऐवजीं तीर्थानेंच आपला माणूस पाठविला.

गंगा आल्याची वार्ता पसरली कीं आजही सड्यावर गर्दी लोटते. स्नान उरकून कित्येक जण तें पाणी तांब्यांत भरून घेतात आणि मृडानी नदीवरच्या धोपेश्वर गांवीं धूतपापेश्वरास घालण्यासाठीं निघतात. गंगा नसतांना आलेले लोक कोरड्या कुंडांस हात लावून डोंगर उतरतात व उन्हाळ्याच्या झऱ्यावर पुन्हा एकदां पाय शेकून गाडी धरतात.