दर्यावरील मद्य आणि दर्यापूरचा गुत्ता

समुद्रावर विहार करणाऱ्या मोठ्या प्रवासी जहाजांवर मद्याचा एक पेला किती दामाला पडतो, हा प्रश्न वऱ्हाडांतील वाचकास परक्या घरचा वाटेल. दर्यापूरच्या नांवांत दर्या आहे खरा. पण गांवाजवळून वाहते ती चंद्रभागा, आणि विहिरींना लागतें तें खारें पाणी पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्याचें, समुद्राचें नव्हे. तरीहि या प्रश्नाचा उलगडा करूं गेलें असतां तो जितका बंदरांत होतो तितकाच दर्यापूरसारख्या बाजारगांवाच्या जुन्या अबकारी मक्त्यांत होतो, असें आम्हांस दिसून आलें. आणि तेंच येथें मांडावयाचें आहे.

कोडें असें आहे. जमिनीवर मद्याच्या किंमतींत सर्वांत मोठा वाटा कराचा असतो. भर समुद्रांत कोणत्याहि राज्याचा अबकारी कामगार फिरकत नाहीं. आपल्या १९६२ च्या जकातीच्या कायद्यांतहि परदेशीं जाणाऱ्या जहाजावर उपयोगासाठीं चढविलेल्या सामानास जकात माफ आहे, आणि बाहेरून आलेलें मद्य जहाज परदेशगामी असेपर्यंत त्यावर जकातीवांचून पितां येतें. इतर देशांचे नियमहि बहुतेक याच धर्तीचे. तेव्हां जहाजावर मद्य पाण्याच्या मोलानें मिळावें. प्रत्यक्षांत त्याची किंमत बंदरावरील चांगल्या हॉटेलाइतकी, कित्येकदां त्याहून अधिक असते. शिवाय बिलावर शेंकडा अठराच्या सुमारास बक्षिसी आपोआप चढते ती निराळीच. मग माफ झालेल्या कराचे पैसे गेले कोठें?

उत्तर साधें आहे: ते कंपनीकडे गेले. जहाजानें बंदर सोडलें कीं उतारूस दुसरें दुकान राहत नाहीं. स्वतःची बाटली आणण्यास बहुतेक कंपन्यांची मनाई असते. फार तर चढतेवेळीं द्राक्षासवाची एखादी बाटली चालते. वाटेंतील बंदरांत उतरून विकत घेतलेली बाटली परत येतांना काढून घेतात व सफर संपेपर्यंत कोठींत ठेवतात. पेल्यागणिक दाम मोजणें नको असेल त्याच्यासाठीं रोजच्या ठराविक रकमेचा ठेका असतो. परंतु एका खोलींतील एका प्रौढ उतारूनें तो घेतला तर दुसऱ्यानेंहि घेतला पाहिजे, अशी अट कित्येक कंपन्या घालतात. एका मोठ्या अमेरिकन कंपनीच्या ठेक्यांत दिवसास पंधरा पेल्यांची मर्यादा आहे. पंधरा पेल्यांस मर्यादा म्हणावें, यांतच या धंद्याचें मन दिसतें! याच्या उलट तिकिटाचें भाडें मात्र इतकें उतरविलेलें असतें कीं, तेवढ्यावर जहाज चालावें कसें, याचें नवल वाटावें. रॉयल कॅरिबियनसारख्या कंपनीच्या एकंदर उत्पन्नापैकीं सुमारें तीस टक्के भाग भाड्याचा नसून मद्य, जुगार, सहली अशा जहाजावरील खर्चाचा असतो. म्हणजे भाडें हें आंत येण्याचें दार. बाजार पुढें आहे.

पूर्वींच्या जहाजांवर हा प्रकार नव्हता. ब्रिटिश आरमारांत खलाशास रमचा रोजचा शिधा फुकट मिळे. १७४० सालीं अ‍ॅडमिरल व्हर्नननें अर्ध्या पाइंट रममध्यें एक क्वार्ट पाणी मिसळून ती दोन वेळां वांटण्याचा हुकूम केला. त्याच्या ग्रोग्रॅम नांवाच्या भरड कापडाच्या झग्यावरून त्या मिश्रणास ‘ग्रॉग’ म्हणूं लागले असें सांगतात. हा शिधा बंद झाला तो थेट ३१ जुलै १९७० रोजीं. मुंबईस येणाऱ्या पेनिन्शुलर अँड ओरिएंटल कंपनीच्या आगबोटींवर पहिल्या अमदानींत मद्य व बिअर भाड्यांतच मिळे. भाडें जबर, पण पेल्यांचा हिशेब नसे. पुढें स्पर्धा वाढली, भाडीं उतरलीं आणि मद्याचे दाम वेगळे घेण्याची रीत पडली. आगबोट आणि मद्य यांचें साहचर्य आपल्या लोकांच्या मनांत किती घट्ट होतें, हें १८८८ सालीं विलायतेस निघालेल्या गांधींना मातोश्रींच्या समाधानासाठीं मद्य न पिण्याची प्रतिज्ञा करावी लागली यावरून कळतेंच.

जहाजावरच्या मद्याला त्याच्या गुणाबाहेरचें मोल कसें येतें, याचें सर्वांत बोलकें उदाहरण अमेरिकेंतील दारूबंदीचें. ही बंदी १९२० सालीं अमलांत आली. १९२२ सालीं तेथील सरकारच्या मुख्य कायदेपंडितानें असा अभिप्राय दिला कीं, अमेरिकन जहाज पृथ्वीवर कोठेंहि असो, त्यावर ही बंदी लागू आहे. आणि परकी जहाजानें अमेरिकेच्या समुद्रहद्दींत कुलुपबंद मद्यहि आणतां कामा नये. क्यूनार्ड कंपनीनें दावा लाविला. १९२३ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला तो असा: किनाऱ्यालगतच्या समुद्रहद्दींत बंदी सर्वांना सारखी, हद्दीबाहेर मात्र ती अमेरिकन जहाजांनाहि नाहीं. पुढल्या वर्षीं इंग्लंडशीं तह होऊन ब्रिटिश जहाजांस मोहोरबंद मद्य घेऊन बंदरांत येण्याची मोकळीक मिळाली, आणि त्याच्या बदल्यांत किनाऱ्यापासून तासाभराच्या वाटेपर्यंत संशयित जहाजांची झडती घेण्याचा हक्क अमेरिकेस मिळाला. मग न्यूयॉर्कहून बर्म्युडाकडे, हॅवानाकडे सफरी निघूं लागल्या. शेवटीं तर कोठेंच न जाणाऱ्या सफरी निघाल्या. जहाज हद्दीपलीकडे जाई, घिरट्या घाली आणि परत येई. उतारू पैसे मोजीत ते प्रवासाचे नव्हत, पुरते मद्याचेहि नव्हत. कायद्याच्या रेषेपलीकडे घटकाभर उभें राहण्याचे ते पैसे होते.

आतां किनाऱ्यावर येऊं. मराठींत दारूच्या दुकानास ‘गुत्ता’ म्हणतात. हा शब्द दुकानाचा नव्हे, मक्त्याचा आहे. गुत्ता म्हणजे ठेका, इजारा; आणि वऱ्हाड-मराठवाड्यांत रस्त्याचें वा इमारतीचें काम घेणाऱ्यास अजूनहि ‘गुत्तेदार’ म्हणतात. दारूचा ठेका इतका सर्वपरिचित झाला कीं, ठेक्याचेंच नांव दुकानास पडलें. कोणत्याहि अर्थशास्त्र्यानें सांगण्याआधीं भाषेनें सांगून ठेवलें आहे कीं, येथें विकली जाते ती वस्तु दुय्यम, विकण्याचा एकट्याचा हक्क हा मुख्य. कौटिल्यानें सुराध्यक्ष आणि नावध्यक्ष असे दोन निरनिराळे अधिकारी सांगितले आहेत. त्याच्या सुरागृहांत निरनिराळ्या खोल्या, शय्या, आसनें, सुगंध आणि माळा यांची सोय असावी असा नियम आहे. विहारजहाजाच्या कंपनीनें हीं दोन्ही खातीं एका ठिकाणीं आणलीं इतकेंच म्हणावयाचें.

ब्रिटिश अमलांत हिंदुस्थानांतील देशी दारूचा मक्ता मुख्यतः दोन रीतींनीं चाले. पहिल्या रीतींत ठराविक मुलखांत भट्टी लावून दारू गाळण्याचा व विकण्याचा हक्क लिलांवांत एकरकमी दिला जाई. किती गाळली, किती कडक गाळली, याचें माप सरकारकडे नसे. मक्तेदाराची रक्कम आधींच ठरलेली. त्यामुळें पुढची प्रत्येक बाटली हा त्याचा निव्वळ फायदा. त्याचा कल स्वस्त विकण्याकडे आणि पुष्कळ विकण्याकडे असणारच. दुसऱ्या रीतींत दारू मोठ्या भट्टींत गाळून तिच्या कडकपणाच्या मापानें गॅलनमागें कर घेत. यानें किंमत चढली, पण दुकानाच्या हक्काचा लिलांव राहिलाच. विहारजहाजाचें भाडें व त्यावरील मद्याचा ठेका या दोहोंत पहिल्या रीतीचा हिशेब जसाच्या तसा आहे: एकरकमी पैसे एकदां ठरले, पुढें जेवढें खपेल तेवढें बरें.

या पद्धतीवर टीका झाली नाहीं असें नाहीं. १८८९ सालीं विलायतेच्या कॉमन्स सभेंत सॅम्युएल स्मिथ व केन यांनीं हिंदुस्थानच्या अबकारी धोरणावर ठपका ठेवणारा ठराव मंजूर करून घेतला. १९०५–०६ सालीं चौकशीची समिति बसली. सरकारचें ब्रीद असे कीं, कमींत कमी खपांतून जास्तींत जास्त उत्पन्न. ऐकावयास हें गोड आहे. पण ज्याला उत्पन्न हवें त्याला खप अगदींच नाहींसा झालेला कसा चालावा? १९०८ सालीं टिळकांच्या प्रेरणेनें पुण्यांत दारूच्या दुकानांवर निरोधन झालें, तेव्हां सरकारनें स्वयंसेवकांवरच बडगा उगारला.

वऱ्हाड १८५३ च्या तहानें इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें. १९०२ सालीं निजामाकडून तें सालीना पंचवीस लाखांच्या कायम पट्ट्यानें घेतलें गेलें, व पुढच्याच वर्षीं मध्यप्रांतास जोडलें गेलें. एक प्रकारें सबंध वऱ्हाडच मक्त्यानें घेतलेलें होतें म्हणाना! दर्यापूर हें पायनघाटांतलें, काळ्या मातीचें, कापसाचें गांव. मोहाचें झाड मुबलक तें उत्तरेच्या मेळघाटांत. तेथील कोरकूंना मोहफुलाला रुपयांत दाम होतें असें नाहीं. फूल वेंचावें, आंबवावें, गाळावें, देवाला दाखवावें आणि प्यावें. परवान्यावांचून गाळणें हा गुन्हा ठरला, तेव्हां त्या फुलाला बाजारभाव आला. म्हणजे किंमत फुलानें आणली नाहीं, कायद्यानें आणली. इकडे मैदानांत पैसा खेळे तो कापसाचा. दर्यापूर-बनोशाचा कापूस मूर्तिजापूर–अचलपूरच्या अरुंद रुळांच्या गाडीनें मूर्तिजापुरास, तेथून मोठ्या रुळांनीं मुंबईस आणि मुंबईहून आगबोटीनें विलायतेस जाई. त्याच्या मोबदल्यांत आलेल्या नाण्यांपैकीं कांहीं नाणीं सावकाराकडे जात, कांहीं गुत्त्यावर. लिलांवांत बोली लावणारा पिकाकडे पाहूनच बोली लावी. शेतकऱ्याला आपल्या पिकाचा अंदाज असे. पण तोच अंदाज आपल्या तहानेचा म्हणून कोणी सरकारी लिलांवांत मांडीत आहे, हें त्याच्या गांवीं नसे.

१९१९ च्या सुधारणांनीं या व्यवहारांत एक नवी गांठ घातली. शिक्षण आणि अबकारी हीं दोन्ही खातीं लोकांच्या मंत्र्यांकडे सोंपविण्यांत आलीं. शाळा वाढवावयाची तर पैसा दारूचा, आणि दारू थांबवावी तर शाळा अडते. मुलांच्या पाटीपेन्सिलीस बापाच्या व्यसनाचें भाडें लागावें, याची लाज गांधींनीं १९३७ सालीं मोठ्या तिखटपणें बोलून दाखविली होती.

गुत्त्याच्या पाटीवर न लिहिलेली किंमत काय असते, हें पाहण्यास दर्यापुराहून फार दूर जावें लागत नाहीं. अंजनगांवकडील शेंडगांवीं २३ फेब्रुवारी १८७६ रोजीं डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. पुढें सारा महाराष्ट्र त्यांस गाडगे महाराज म्हणून ओळखूं लागला. वडील झिंगराजी दारूपायीं खचले व डेबू लहान असतांनाच गेले. आई सखूबाई मुलाला घेऊन मूर्तिजापुराजवळील दापुऱ्यास माहेरीं आली, आणि मुलगा मामाचीं गुरें राखूं लागला. झिंगराजींनीं गुत्त्यावर जे पैसे मोजले त्यांची नोंद मक्तेदाराच्या वहींत झाली असेल, सरकारच्या जमेंतहि झाली असेल. माहेरीं परत निघालेल्या सखूबाईची नोंद कोणत्याच वहींत नाहीं. पुढें डेबूजींना कन्या झाली तेव्हां बारशाला जातभाईंस मटण व दारू देण्याची चाल होती. ती मोडून त्यांनीं गोडाचें जेवण घातलें. जातभाई रागावले, पण चाल मोडली ती मोडलीच. आम्हांस तर १८८९ च्या ठरावापेक्षां हा ठराव मोठा वाटतो.

कायद्यानेंहि पुढें प्रयत्न केला. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या काँग्रेस मंत्रिमंडळानें १९३८ सालीं दारूबंदीचा कायदा करून प्रांताच्या कांहीं भागांत बंदी सुरू केली. १९५६ सालीं वऱ्हाड मुंबई राज्यांत आलें, आणि मुंबईचा १९४९ चा दारूबंदी कायदा १९५९ सालीं विदर्भास लागू झाला. या कायद्याचें पुस्तक उघडून पाहण्याजोगें आहे. त्याच्या ३८ व्या कलमांत जहाज-कंपन्यांस व जहाजांच्या कप्तानांस विदेशी मद्य विकण्याचा परवाना देण्याची तरतूद आहे. शिवाय परदेशीयांस परवाना, प्रकृतीसाठीं परवाना, अशीं दारें आहेतच. हीं सर्व दारें विदेशी मद्य परवडणाऱ्यांचीं. दर्यापूरच्या सरकी काढणाऱ्या मजुराचें त्यांत एकहि नाहीं. त्याच्यासाठीं चोरून गाळलेली हातभट्टी होती, आणि तिची किंमत कधीं पैशांत तर कधीं डोळ्यांत किंवा प्राणांत पडे. पुढें बंदी शिथिल झाली. गुत्त्यावर परवान्याची नवी पाटी लागली.

आज महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर विहारजहाजें आलीं आहेत. २०१८ सालीं मुंबई–गोवें मार्गावर ‘आंग्रिया’ सुरू झाली. २०२१ पासून ‘कॉर्डेलिया’ कंपनीचें ‘एम्प्रेस’ मुंबईहून निघूं लागलें. मुंबईहून गोव्यास जाणारें जहाज हिंदुस्थानचा किनारा सोडून परदेशीं जात नाहीं, म्हणून परदेशगामी जहाजाची जकातमाफी त्यास नाहीं. तेथें कर आणि कंपनीचा मक्ता अशीं दोन्ही ओझीं एकाच पेल्यावर येतात. गंमत अशी कीं, सफर जेथें संपते त्या गोव्यांत तोच पेला निम्म्या दामांत मिळण्याचा संभव असतो.

जमिनीवर काय स्थिति आहे? वस्तु व सेवा कराच्या घटनादुरुस्तींत पिण्याचें मद्य बाहेर ठेवलें गेलें, कारण हें उत्पन्न सोडण्यास राज्यें तयार नव्हतीं. जून २०२५ मध्यें महाराष्ट्र मंत्रिमंडळानें येथें बनणाऱ्या विदेशी मद्यावरील कर निर्मितिखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केला, व देशी दारूवरील कर प्रूफ लिटरमागें १८० रुपयांवरून २०५ रुपये केला. १८० मिलिलिटरची कमींत कमी किंमत देशीची ८० रुपये, विदेशीची २०५ रुपये आणि उंची परदेशी मद्याची ३६० रुपये ठरली. महाराष्ट्रांतच धान्यापासून बनणाऱ्या मद्याचा नवा वर्गहि त्याच वेळीं काढण्यांत आला. त्याची किंमत १४८ रुपये. या वाढीपासून वर्षास चौदा हजार कोटी रुपये अधिक मिळावे असा सरकारचा अंदाज होता. चंद्रपुरांत २०१५ सालीं बंद केलेलीं दुकानें २०२१ सालीं पुन्हां उघडण्यांत आलीं. शेजारच्या गडचिरोलींत १९९३ पासूनची बंदी अजून चालू आहे.