बँकेकडून नुकसानभरपाई हवी आहे? क्लेम्स कंपनीला सही देण्याआधी हे वाचा

तुम्ही किंवा तुमचे नातेवाईक ब्रिटनमध्ये राहत असाल तर फेसबुकवर अशी जाहिरात नक्की दिसली असेल : 'बँकेकडे तुमचे पैसे अडकलेत का? 2 मिनिटांत चेक करा.' नाव, पत्ता, जन्मतारीख टाकायची, स्क्रीनवर बोटाने सही करायची, झालं. पण ती सही म्हणजे नुसतं 'चेक' नसतं. बऱ्याचदा तो त्या कंपनीबरोबरचा करार असतो.

क्लेम्स मॅनेजमेंट कंपनी म्हणजे काय?

बँकेविरुद्धची तक्रार तुमच्या वतीने चालवणारी आणि मिळालेल्या भरपाईतून टक्केवारी घेणारी कंपनी. ब्रिटनमध्ये हा धंदा फोफावला तो पीपीआयमुळे, म्हणजे कर्जाबरोबर गळ्यात मारलेल्या हप्ता-विम्यामुळे. त्या प्रकरणात बँकांनी 3,800 कोटी पौंडांहून जास्त रक्कम परत केली. तक्रारीची मुदत 29 ऑगस्ट 2019 ला संपली, पण कंपन्या राहिल्या. अलीकडे त्यांचा जोर गाडीच्या कर्जावरच्या कमिशनवर आहे.

1 एप्रिल 2019 पासून या कंपन्यांवर फायनान्शियल कंडक्ट ऑथॉरिटी, म्हणजे एफसीएची देखरेख आहे. मार्च 2022 पासून फीवर मर्यादाही आली. भरपाई लहान असेल तर 30 टक्क्यांपर्यंत, रक्कम वाढेल तसा टक्का कमी. वर व्हॅट वेगळा.

हिशोब करून बघू. 3,000 पौंड मंजूर झाले. या टप्प्यात कमाल फी 28 टक्के, म्हणजे 840 पौंड. त्यावर 20 टक्के व्हॅट 168. एकूण गेले 1,008, हातात आले 1,992.

आता खरी मेख. त्याच बँकेचे हप्ते थकलेले असतील तर बँक भरपाई थेट थकबाकीत वळती करू शकते. तुमच्या खात्यात एक पौंडही येत नाही, पण कंपनीचं बिल येतं आणि ते खिशातून भरावं लागतं. घरात कर्ज थकलेलं असताना 'जिंकलो तरच फी' हे वाक्य फार गोड वाटतं, म्हणून हे आधी विचारा.

मग स्वतः कसं करायचं?

आधी बँकेकडेच लेखी तक्रार. काय झालं, कधी झालं आणि तुम्हाला काय हवंय, एवढं साध्या भाषेत पुरतं. कायद्याची कलमं लागत नाहीत. साधारण तक्रारीत बँकेला अंतिम उत्तरासाठी 8 आठवडे असतात. उत्तर पटलं नाही किंवा आलंच नाही तर फायनान्शियल ओम्बुड्समन सर्व्हिसकडे जा. ग्राहकाला तिथे एक पैसा लागत नाही. अंतिम उत्तर आल्यापासून 6 महिन्यांत जायचं, ही तारीख मात्र विसरू नका. जुने कागद नसले तरी बँकेकडे स्वतःची माहिती मागायचा हक्क आहे. क्लेम्स कंपनी करते ते बहुतेक एवढंच.

तरी कंपनी घ्यावी का? आजारपण आहे, इंग्रजी जमत नाही, वेळच नाही, अशांना सोय होते हे खरं. पण आधी सिटिझन्स ॲडव्हाइसला फोन करा, तिथे मदत फुकट मिळते. कंपनीच घ्यायची तर एफसीएच्या रजिस्टरवर नाव तपासा आणि आधी पैसे मागितले तर तिथेच थांबा. सही करून बसला असाल तर 14 दिवसांत करार फुकट रद्द करता येतो. दोन कंपन्यांना सही दिली तर दोघीही बिल पाठवू शकतात. हे असं खरंच होतं.

भारतात खातं असेल तर?

इथे रिझर्व्ह बँकेची एकात्मिक लोकपाल योजना 12 नोव्हेंबर 2021 ला सुरू झाली. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा ते पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर मोफत तक्रार करता येते. 2021 च्या नियमांत तर वकिलामार्फत केलेली तक्रार घेतलीच जात नाही, वकील स्वतः तक्रारदार असेल तरच अपवाद. त्यामुळे 'लोकपालाकडून रिफंड काढून देतो, ओटीपी सांगा' असा फोन आला तर तो एजंट नाही, चोर आहे. फोन ठेवा आणि आधीच काही सांगून बसला असाल तर लगेच 1930 वर कळवा.