रंगद्रव्य छायामुद्रण
जिलेटीन, रंगद्रव्य व पोटॅशियम डायक्रोमेट यांच्या थरावर प्रकाश पडला की तेवढा भाग अविद्राव्य बनतो. उरलेला कोमट पाण्याने धुतला जाऊन चित्र उमटते. या तत्त्वावर जोसेफ स्वॉन यांनी १८६४ मध्ये तयार केलेला रंगद्रव्य-कागद हस्तमुद्रणाखेरीज फोटोग्रॅव्ह्यूअरचे सिलिंडर कोरण्यासाठीही वापरला गेला. नाशिक रोड येथील इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये (स्थापना १९२५) फोटोग्रॅव्ह्यूअर पद्धतीने छापलेली पहिली टपाल तिकिटे १९५२ च्या संत-कवी मालिकेतील होत. तथापि डायक्रोमेटातील षट्‌संयुजी क्रोमियम कर्करोगकारक असून त्वचेस व फुप्फुसांस अपायकारक आहे. म्हणून हस्तमुद्रणात त्याऐवजी फेरिक अमोनियम सायट्रेट वापरता येते. प्रकाशाने त्यापासून बनलेले फेरस लवण हायड्रोजन पेरॉक्साइडाच्या विद्रावात जिलेटीन कठीण करते. यात विषारीपणा पुष्कळ कमी असतो; मात्र पेरॉक्साइड हाताळताना हातमोजे आवश्यकच असतात.