आगमनचक्र

आगमनचक्र म्हणजे नाताळपूर्व आगमनकाळात मेजाच्या मध्यभागी ठेवले जाणारे, सदाहरित डहाळ्या व चार मेणबत्त्या यांचे वर्तुळ होय. दर रविवारी एक मेणबत्ती अधिक पेटवली जाते. योहान हिन्रिख विखर्न या जर्मन धर्मोपदेशकांनी १८३९ मध्ये हॅम्बुर्ग येथील गरीब मुलांच्या आश्रमात गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावून ही प्रथा सुरू केली.

युरोपात यासाठी फर वृक्षाच्या डहाळ्या वापरतात. परभणी जिल्ह्यात तो वृक्ष नैसर्गिकरीत्या आढळत नाही. तेथे आंब्याची वा अशोकाची पाने आणि झेंडूची फुले लवचिक फांद्यांच्या कड्यावर सुतळीने बांधता येतात. कण्हेर विषारी असल्याने जेवणाच्या मेजावर वर्ज्य ठरते. कोरड्या हवेत सुकलेली पाने चटकन पेट घेतात. म्हणून ती वेळोवेळी बदलणे व मेणबत्त्या धातूच्या बैठकीत उभ्या करणे आवश्यक असते.